स्वच्छतागृहाचे दार आणि पारलिंगी नागरिक

विषयाची व्याप्ती

जन्मनोंदीत जे लिंग लिहिले आहे त्याच लिंगाचे सार्वजनिक स्वच्छतागृह वापरले पाहिजे, असे बंधन घालणारे कायदे गेल्या दशकात अमेरिकेच्या काही राज्यांनी केले. त्यांचा थेट फटका पारलिंगी व्यक्तींना बसतो. भारतात असा कायदा नाही. येथील न्यायनिर्णय आणि नियम प्रवेशाच्या बाजूने झुकलेले आहेत. तरीही नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी एसटी स्थानकावर, तहसील कार्यालयात किंवा आठवडी बाजारात आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीने कोणत्या दाराने जावे, हा प्रश्न उरतोच. बंदीच्या कायद्यांमागचे युक्तिवाद नैतिक कसोटीवर कितपत टिकतात आणि बंदी नसलेल्या ठिकाणी ती प्रत्यक्षात कशी तयार होते, या दोन बाजू एकत्र पाहिल्या तरच विषय नीट उलगडतो.

पारलिंगी व्यक्ती कोण

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्या व्यक्तींना पारलिंगी म्हटले जाते. यात पारलिंगी स्त्रिया, पारलिंगी पुरुष आणि या दोन्ही चौकटींत न बसणारे लोक येतात. तृतीयपंथी किंवा किन्नर समाज हा त्यातला सर्वांत ठळक दिसणारा भाग आहे. गुरू-चेल्यांच्या परंपरेत राहणारा आणि मंगती व बधाईवर गुजराण करणारा हा समाज विदर्भातही जुना आहे. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली. ओळख उघड करण्याची भीती लक्षात घेता ही संख्या किमान मर्यादा मानावी लागते. पारलिंगी पुरुष तर गर्दीत ओळखूही येत नाहीत, म्हणून चर्चेतून ते बहुधा सुटतात. स्वच्छतागृहाच्या प्रश्नात त्यांचे स्थान किती महत्त्वाचे आहे, ते पुढे दिसेल.

दोन दारांची व्यवस्था

‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ अशी दोन दारे ही फार जुनी व्यवस्था नाही. स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत येऊ लागल्या, तेव्हा ती कायद्यात आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1887 मध्ये कारखान्यांत स्त्रियांसाठी वेगळी शौचालये बंधनकारक केली. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 19 व्या कलमाने स्त्री व पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र, बंदिस्त शौचालये आणि मुताऱ्या ठेवण्याची सक्ती केली. या तरतुदींमागचा हेतू स्त्रियांना कामाच्या ठिकाणी हक्काची जागा मिळवून देण्याचा होता आणि तो आजही रास्त आहे. मात्र कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवण्यासाठी ही व्यवस्था आखलेली नव्हती. जागा देण्यासाठी केलेली विभागणी पुढे ओळख तपासण्याचे साधन बनली, आणि आजच्या वादाचे मूळ या बदलात आहे.

प्रवेशबंदीच्या कायद्यांचे स्वरूप

अमेरिकेतील शार्लट शहराने फेब्रुवारी 2016 मध्ये पारलिंगी व्यक्तींना आपल्या लिंगओळखीनुसार स्वच्छतागृह वापरण्याची मुभा दिली. त्याला उत्तर म्हणून नॉर्थ कॅरोलायना राज्याने 23 मार्च 2016 रोजी एकाच दिवसात कायदा संमत केला. सरकारी इमारतींत आणि सार्वजनिक शाळांत जन्मदाखल्यावरील लिंगाप्रमाणेच स्वच्छतागृह वापरावे, असे बंधन त्याने घातले. उद्योग आणि क्रीडासंघटनांनी राज्याकडे पाठ फिरवली आणि सुमारे वर्षभराने, 30 मार्च 2017 रोजी, हे बंधन मागे घ्यावे लागले. तरी लाट ओसरली नाही. फ्लोरिडाने 2023 मध्ये आणि युटाने 2024 मध्ये असेच कायदे केले. फ्लोरिडात सरकारी इमारतीतील ‘चुकीच्या’ स्वच्छतागृहातून कर्मचाऱ्याने सांगूनही बाहेर न पडणे हा गुन्हा ठरतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 16 एप्रिल 2025 रोजी 2010 च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या संज्ञेचा अर्थ जैविक लिंगावर आधारित असल्याचा निर्णय दिला. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम असल्याचेही त्या निकालात नमूद आहे. तरी त्यानंतर स्वच्छतागृहांचा वाद तेथे अधिक तीव्र झाला.

भारतातील कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा असल्याचे मान्य केले. संविधानाच्या 15 व्या कलमातील ‘लिंग’ या आधारात लिंगओळखही येते, असे सांगून त्याच निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालये पुरवण्याचे निर्देश दिले गेले. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने 2017 मध्ये स्वच्छ भारत अभियानासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक किंवा सामूहिक शौचालयांपैकी पुरुषांचे की स्त्रियांचे वापरायचे, ही निवड पारलिंगी व्यक्तीवर सोडली. संसदेने 2019 मध्ये केलेल्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने सर्वांसाठी खुल्या असलेल्या सुविधा नाकारण्यास मनाई केली. सार्वजनिक ठिकाणी प्रवेश अडवणाऱ्याला त्याच्या 18 व्या कलमात 6 महिने ते 2 वर्षे कैदेची शिक्षा ठेवली. 2020 च्या नियमांनी स्वच्छतागृहांसह आवश्यक सोयी 2 वर्षांच्या आत उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 15 जानेवारी 2025 रोजी देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि पारलिंगी व्यक्ती या चार गटांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला. तालुका न्यायालयेही या आदेशात येतात.

बंदीविना बंदी

कागद अनुकूल असूनही दार बंद राहते, कारण इमारत आणि माणसे जुन्याच पद्धतीने चालतात. तालुक्याच्या गावातील नेहमीचे सार्वजनिक शौचालय जवळून पाहिले की हे लक्षात येते. विटांची एकच लांबट इमारत असते आणि मध्ये आडवी भिंत. एका टोकाला पुरुषाचे चित्र, दुसऱ्या टोकाला स्त्रीचे. पुरुषांच्या बाजूला शिरताच उघड्या मुताऱ्यांची रांग लागते. स्त्रियांच्या बाजूला तीन-चार खोल्या असतात; त्यांपैकी एकीला कुलूप घालून आत झाडू, बादल्या आणि फिनाईलचे डबे ठेवलेले असतात. दुसरीची कडी तुटलेली असते, म्हणून सोबतच्या बाईला दाराशी उभे करावे लागते. दर्शनी बाजूच्या टेबलावर पैशांचा डबा घेऊन बसलेला राखणदारच प्रत्यक्षात प्रवेश ठरवतो. साडी नेसलेली पारलिंगी स्त्री पुरुषांच्या बाजूला गेली तर छेडछाड होते आणि स्त्रियांच्या बाजूला गेली तर आरडाओरड. राखणदाराची एक नजर किंवा रांगेतून आलेली एक शिवी पुरेशी होते, कलमाची गरजच पडत नाही. अशा बंदीविरुद्ध दाद मागणे लिखित बंदीपेक्षा अवघड असते, कारण ती कोणी केली याची कोठेही नोंद नसते.

शरीरावर होणारा परिणाम

सोय नसली की माणूस दोनच गोष्टी करू शकतो: लघवी रोखून धरणे किंवा पाणी कमी पिणे. वारंवार लघवी रोखल्याने मूत्राशय पूर्ण रिकामा होण्याची क्रिया बिघडू शकते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होऊन मूतखड्याची शक्यता वाढते. विदर्भातील उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, पाणी टाळणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण ठरते. अमेरिकेत 2015 मध्ये 27,715 पारलिंगी व्यक्तींच्या पाहणीत 59 टक्के लोकांनी मागील वर्षभरात सार्वजनिक स्वच्छतागृह टाळल्याचे सांगितले. 32 टक्के लोकांनी त्यासाठी खाणेपिणे कमी केले होते आणि 8 टक्के लोकांना मूत्रमार्ग किंवा मूत्रपिंडाशी संबंधित त्रास झाला होता. शारीरिक त्रासाच्या पुढचा परिणाम सामाजिक आहे. चार तास बाहेर राहता येत नसेल, तर नोकरी, शिक्षण, प्रवास, सरकारी कार्यालयातील काम आणि न्यायालयातील तारीख यांपैकी काहीच नीट पार पडत नाही. स्वच्छतागृह हा सार्वजनिक जीवनात भाग घेण्याचा पहिला आधार आहे. तो काढून घेतला की बाकीचे हक्क केवळ नावाला उरतात.

सुरक्षिततेचा युक्तिवाद

बंदीच्या बाजूचा मुख्य मुद्दा स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. सार्वजनिक जागी स्त्रियांना होणारा त्रास खरा आहे आणि त्यातून निर्माण होणारी सावधगिरीही अनुभवातून आलेली आहे. प्रश्न एवढाच की बंदीमुळे हा त्रास कमी होतो का. मॅसॅच्युसेट्समध्ये लिंगओळखीनुसार प्रवेश देणाऱ्या आणि न देणाऱ्या गावांची तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवेश दिल्यामुळे स्वच्छतागृहांतील गुन्हे वाढल्याचा कोणताही संबंध त्यात आढळला नाही. त्याच वर्षी तेथील दोनतृतीयांशांहून अधिक मतदारांनी प्रवेशाचा कायदा कायम ठेवला. अत्याचार करू पाहणाऱ्या पुरुषाला दारावरची पाटी अडवत नाही आणि त्यासाठी वेश बदलण्याची त्याला गरजही नसते. त्याला रोखणारे कायदे आधीच अस्तित्वात आहेत. भारतीय न्याय संहितेतील 75 वे कलम लैंगिक छळाला, 77 वे चोरून पाहण्याला आणि 79 वे स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणाऱ्या कृतीला शिक्षा देते. ही कलमे माणसाच्या कृतीकडे पाहतात. बंदीचा कायदा मात्र माणूस कोण आहे एवढेच पाहतो. त्यामुळे ज्यांनी काही केलेले नाही त्यांना तो शिक्षा देतो आणि जे काही करतील त्यांना रोखत नाही.

सुरक्षितता कोणाकोणाची

सुरक्षिततेचा हिशेब मांडताना पारलिंगी व्यक्तींची सुरक्षितताही त्यात धरावी लागते. पारलिंगी स्त्रीला पुरुषांच्या बाजूला पाठवणे म्हणजे तिला उघड धोक्यात ढकलणे होय. येथे कायद्यातील एक विषमताही दिसते. 2019 च्या अधिनियमात पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला कमाल 2 वर्षे शिक्षा ठेवली गेली, तर स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षे सक्तमजुरी आहे. ज्या गटाचे संरक्षण आधीच कमकुवत आहे, त्यालाच अधिक धोक्याच्या जागी जायला लावणारा नियम सुरक्षिततेच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. एका दुर्बळ गटाचे भय कमी करण्यासाठी दुसऱ्या, त्याहून लहान गटाचा धोका वाढवणे हा न्याय्य सौदा नव्हे.

अंमलबजावणीतील पेच

कायदा नैतिक ठरण्यासाठी तो अंमलात आणण्याची पद्धतही सुसह्य असावी लागते. जन्मावेळचे लिंग चेहऱ्यावर लिहिलेले नसते. मग दाराशी काय तपासायचे? जन्मदाखला घेऊन कोणी बाजाराला जात नाही आणि शरीराची तपासणी तर कोणत्याही सभ्य समाजाला मान्य होणार नाही. उरतो तो अंदाज. या अंदाजाचा मार पारलिंगी नसलेल्या स्त्रियांवरही पडतो: उंच, केस बारीक कापलेल्या, जाड आवाजाच्या स्त्रियांना दाराशी अडवल्याच्या घटना अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घडल्या आहेत. दुसरीकडे, जन्माच्या नोंदीवर बोट ठेवले तर दाढी-मिशा असलेल्या पारलिंगी पुरुषाला स्त्रियांच्या बाजूला जावे लागेल. ज्या स्त्रियांना दिलासा देण्यासाठी नियम केला, त्यांनाच तो अस्वस्थ करील. स्वतःच्याच हेतूच्या विरुद्ध जाणारा हा परिणाम अपवादात्मक नाही. नियम शब्दशः पाळला की तो दर वेळी घडतो.

संकोच आणि खासगीपणा

सुरक्षिततेहून वेगळा मुद्दा संकोचाचा आहे. कपडे सावरताना, पाळीच्या दिवसांत किंवा बाळाला दूध पाजताना अनोळखी व्यक्ती जवळ नसावी, असे अनेक स्त्रियांना वाटते. ही भावना मागासलेली ठरवून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. परंतु संकोच हा इतरांचा हक्क काढून घेण्याचा आधार होऊ शकतो का, हे तपासावे लागते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले होते. अर्थव्यवस्था, व्यापार व उद्योग मंत्रालयातील एका पारलिंगी स्त्री कर्मचाऱ्याला, सहकाऱ्यांना अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून, आपल्या कामाच्या मजल्यापासून दोन मजले दूरचे स्त्रियांचे स्वच्छतागृह वापरायला सांगण्यात आले होते. अनेक वर्षे त्यातून कोणताही प्रश्न उद्भवला नव्हता. न्यायालयाने 11 जुलै 2023 रोजी हे बंधन पुढे चालू ठेवणे एकमताने बेकायदा ठरवले. प्रत्यक्ष अडचण दाखवता येत नसताना केवळ अवघडलेपणाच्या शक्यतेवर बंधन उभे राहत नाही, हा या निर्णयाचा सारांश. संकोचाला उत्तर बांधकामात आहे: भिंत पुरेशी उंच असली आणि कडी नीट लागत असली की शेजारच्या खोलीत कोण आहे, याने फरक पडत नाही.

प्रमाणबद्धतेची कसोटी

मूलभूत हक्कावर शासन बंधन घालते तेव्हा ते कसे तपासावे, याची चौकट भारतीय न्यायालयांनी घालून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. बंधनाला कायद्याचा आधार आणि वैध हेतू असावा आणि ते हेतूच्या प्रमाणात असावे, असे त्या निकालात मांडले गेले. ही चौकट स्वच्छतागृहांच्या बंदीला लावून पाहता येते. स्त्रियांची सुरक्षितता हा हेतू निःसंशय वैध आहे. परंतु बंदी आणि सुरक्षितता यांचा संबंध पुराव्याने सिद्ध होत नाही. कमी हानिकारक उपाय, म्हणजे चांगले बांधकाम, दिवे, राखण आणि गुन्ह्यांवर कारवाई, हाताशी आहेत. आणि बंदीने होणारी हानी संपूर्ण सार्वजनिक जीवनाला व्यापणारी आहे. पहिल्या पायरीवर उत्तीर्ण होणारी ही बंदी पुढच्या पायऱ्यांवर टिकत नाही. हेतू चांगला असणे आणि उपाय न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कसोटीमुळे स्पष्ट होते.

महाडचा दाखला

सार्वजनिक सोय कागदावर खुली आणि व्यवहारात बंद, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. सी. के. बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये सार्वजनिक तळी, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निकाल 1937 मध्ये लागला. संविधानाच्या 15 व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो अशा अनुभवांमुळेच. जातीवरून होणारा बहिष्कार आणि लिंगओळखीवरून होणारा बहिष्कार यांचा इतिहास सारखा नाही, आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या मापाने मोजू नये. मात्र दोन्हींत एक समान सूत्र आहे: शरीराच्या मूलभूत गरजेची जागा नाकारली की माणसाला गावाच्या सामाईक जीवनाबाहेर ठेवता येते. ठराव संमत झाल्याने जागा खुली होत नाही. वापर सुरक्षित झाला तरच ती खुली होते.

भादली बुद्रुकचा दाखला

ओळखीवरून दार ठरवण्याचा प्रश्न खेड्यात कसा सोडवला गेला, याचे उदाहरण जळगाव जिल्ह्यात आहे. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2 जानेवारी 2021 रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य करून अर्ज स्वीकारायला लावला आणि गावाने त्यांना निवडूनही दिले. राखीव जागा ही स्त्रियांनी दीर्घ लढ्याने मिळवलेली जागा आहे. ती पारलिंगी स्त्रीला खुली केल्याने गावाचा व्यवहार कोलमडला नाही. शहरी कल्पना खेड्याला पेलत नाहीत, असा समज या निकालाने आणि त्याहून अधिक मतदारांनी खोटा ठरवला.

तिसरे दार: उपयोग आणि मर्यादा

तृतीयपंथीयांसाठी वेगळे शौचालय हा भारतात सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय आहे. मैसूर, भोपाळ आणि मुंबईत गोरेगावची आरे वसाहत अशा ठिकाणी तशी शौचालये बांधली गेली. त्यांचा उपयोग उघड आहे: जिथे किन्नर समाजाची वस्ती आहे तिथे हक्काची, छेडछाडमुक्त जागा मिळते आणि शासनाने दखल घेतल्याची खूणही दिसते. मर्यादा तितक्याच ठळक आहेत. ओळख उघड न केलेल्या व्यक्तीला त्या दारातून जाणे म्हणजे चारचौघांत जाहीर करणे होय. एखाद्या गावात वापरणारे मोजकेच असल्यास इमारत ओस पडते, देखभाल थांबते आणि तिचे गोदाम होते. तिसरे दार बांधले की पहिल्या दोन दारांतून हाकलण्याचे निमित्तही मिळते. म्हणून वेगळी सोय ही निवडीत भर घालणारी असावी. तिची सक्ती झाली की ती बंदीचेच दुसरे रूप ठरते. दिल्ली मेट्रोने 2021 मध्ये स्थानकांवरील दिव्यांगांची स्वच्छतागृहे पारलिंगी प्रवाशांना खुली केली, तेव्हा इच्छेनुसार इतर स्वच्छतागृहे वापरण्याची मुभाही कायम ठेवली. हा भेद महत्त्वाचा आहे.

बंदिस्त एकल खोली

लहान गावांसाठी सर्वांत व्यवहार्य रचना म्हणजे एकेका माणसासाठी पूर्ण बंदिस्त खोली. भिंत छतापर्यंत, दाराखाली फट नाही, आतून मजबूत कडी, झरोका डोक्याहून बराच उंच, आत नळ, पिशवी अडकवायला खुंटी आणि पाळीच्या कापडासाठी झाकणाचा डबा. हात धुण्याचे बेसिन बाहेर, रस्त्यावरून दिसणाऱ्या उजेडाच्या ओसरीत. अशा चार-पाच खोल्या ओळीने असल्या की दारावर लिंगाची पाटी लावावी लागत नाही. याचा लाभ केवळ पारलिंगी व्यक्तींपुरता राहत नाही. आजारी पत्नीला आधार देणारा नवरा, लहान मुलीला घेऊन आलेला बाप आणि मुलाच्या मदतीविना चालू न शकणारी म्हातारी आई या सगळ्यांची अडचण त्याने सुटते. मर्यादाही आहेत. उघड्या मुताऱ्यांपेक्षा अशा खोलीला जागा आणि खर्च अधिक लागतो, गर्दीच्या वेळी रांग लांबते, आणि अंधारात बंद खोलीचा गैरवापर होऊ शकतो. त्यामुळे जिथे जागा आहे तिथे स्त्रियांची स्वतंत्र बाजू कायम ठेवून अशा एक-दोन खोल्या जोडणे अधिक शहाणपणाचे ठरते.

स्त्रियांच्या मागणीशी नाते

पारलिंगी व्यक्तींचा हक्क आणि स्त्रियांचा हक्क एकमेकांविरुद्ध उभे आहेत, ही मांडणी महाराष्ट्राच्या अनुभवाशी जुळत नाही. मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने पुरुषांना मोफत असलेल्या मुतारीसाठी स्त्रियांना पैसे का पडतात, हा प्रश्न विचारला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्त्रियांसाठी पुरेशी आणि स्वच्छ स्वच्छतागृहे देणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरवले आणि ते संविधानाच्या 21 व्या कलमाशी जोडले. प्रवासाला निघण्याआधी पाणी न पिणारी शिक्षिका, बाजारात भाजी विकणारी बाई आणि पारलिंगी स्त्री यांची तक्रार एकच आहे: जागा कमी, घाण आणि असुरक्षित. तुटवडा असला की वाटेकरी परस्परांचे वैरी भासतात. पुरेशा खोल्या बांधल्या की या वैराचे बरेचसे कारणच नाहीसे होते.

तालुक्याच्या पातळीवरील काम

पारशिवनी तालुक्यात पेंच नदी, नवेगाव खैरीचे धरण, कोलितमारा परिसरातील व्याघ्रपर्यटन आणि कन्हानकडील कोळसा खाणी यांमुळे बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ मोठी आहे. अशा तालुक्यात जबाबदारी अनेकांत विभागलेली असते: बाजार आणि रस्त्यालगतची शौचालये स्थानिक संस्थेकडे, बसस्थानक एसटी महामंडळाकडे, कार्यालये महसूल विभागाकडे, पर्यटनस्थळे वन विभागाकडे. खेड्यांत स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातून सामुदायिक स्वच्छता संकुले बांधण्याची तरतूद आहे. नवा आराखडा मंजूर करताना एक बंदिस्त एकल खोली त्यात घालणे, जुन्या इमारतीतील कुलूपबंद खोली उघडून कडी आणि दिवा दुरुस्त करणे, राखणदाराला कोणालाही ओळखीवरून अडवू नये अशी लेखी सूचना देणे आणि तक्रारीसाठी दर्शनी भागात अधिकाऱ्याचा क्रमांक लिहिणे, ही कामे मोठ्या निधीची वाट पाहत नाहीत. ठिकाण कोणते असावे, हे तृतीयपंथी समाजाच्या प्रतिनिधींना आणि बचत गटांतील स्त्रियांना एकत्र बसवून विचारले तर इमारत ओस पडण्याची शक्यता कमी होते.

निष्कर्ष

प्रवेशबंदीचे कायदे एका वैध चिंतेतून निघतात आणि चुकीच्या उपायापर्यंत पोहोचतात. ते गुन्हा रोखत नाहीत, अंमलात आणताना प्रत्येक स्त्रीच्या शरीराकडे संशयाने पाहायला लावतात आणि एका लहान समूहाचे बाहेर पडणेच अवघड करतात. भारताने असा कायदा केलेला नाही, ही समाधानाची बाब आहे. परंतु बंदी नसणे म्हणजे प्रवेश असणे नव्हे. न्यायालयाचा निर्देश, संसदेचा कायदा आणि मंत्रालयाची सूचना या तिन्ही गोष्टी शेवटी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात उतराव्या लागतात. तेथे एका कडीची, एका दिव्याची आणि एका खोलीची तरतूद झाली, तर तालुक्याच्या गावी येणाऱ्या कोणत्याही नागरिकाला आपण कोण आहोत याचा खुलासा न करता आपले काम आटोपून परतता येईल. स्वच्छतागृहाच्या बाबतीत समतेचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पूर्णपणे साध्य होण्याजोगा आहे.